रिकामे डबे

कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आईची शिकवण. शेजारणीने कालवण पाठवलं तर तिच्या भांड्यात चार लाडू तरी घालून ते परत जायचं. रोडपालीच्या दोन खोल्यांत एकटी राहायला लागले तरी मी ही सवय मोडली नाही. लोक म्हणायचे, बाईंच्या घरून डबा कधी हलका येत नाही. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

त्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांच्या जेवणाचं काम माझ्याकडे. कोण आजारी, कुणाकडे बाळंतपण, सगळं मला आधी कळायचं, आणि कोणत्या दिवशी कुठल्या बाईने डबा पोचवायचा ते मी ठरवायचे. शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज वर्गातलाच राहिला होता. कुणी आभार मानायला लागलं की म्हणायचे, आभार प्रभूचे माना, मी नुसती दासी. हे म्हणताना मान किती खाली घालायची, तेही मला बरोबर जमायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात बाजारातून येताना पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत. त्याच संध्याकाळी चर्चच्या पाळकांच्या पत्नी, पाळकीणबाई, डबा घेऊन दारात. दुसऱ्या दिवशी दुसरी कुणी. मीच बसवलेली घडी आता माझ्यासाठी चालू झाली होती, आणि मला ते सहन होईना.

जेवण चांगलं असायचं, पण घशाखाली उतरायचं नाही. डाव्या हाताने खाताना भात सांडायचा, म्हणून डबा आणणारीला मी बस म्हणायचे नाही. ती गेली की पहिल्या घासालाच मनात यायचं, हिला परत काय देऊ? एका हाताने ना नारळ फोडता येतो, ना लाडू वळता येतो. विकतचं काही घालून देणं माझ्या नावाला शोभणार नव्हतं. म्हणून मी डबे ठेवूनच घेतले. प्लास्टर निघालं की सगळे एकदम भरून देईन, असं ठरवलं.

ओटा भरला, मग जेवणाचं टेबलही भरलं. दुपारी आडवी झाले तरी डोळा लागायचा नाही. उठायचे, डबे पुन्हा रचायचे, परत येऊन पडायचे. प्रार्थनेला डोळे मिटले की तेच समोर. बायबलमध्ये प्रभू शिष्यांचे पाय धुवायला वाकतात, तेव्हा पाय मागे घेणाऱ्या त्या शिष्याचा मला इतकी वर्षं राग यायचा. आता वाटायला लागलं, त्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? शेवटी पाळकीणबाईंना फोन करून सांगितलं, भाची आली आहे, आता डबे नकोत. मला भाची नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मंडळीतलीच एकजण न कळवता आली. ही गव्हाण गावची, नवरा उरणकडे बंदरात कामाला. मागे तो आजारी होता तेव्हा मी तिच्याकडे डबे सुरू केले होते आणि तिने दोन-तीन दिवसांतच ते बंद करायला लावले होते. किती हा ताठा, असं मी तेव्हा चारचौघींत बोललेही होते.

सलाम करून ती आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि भाची कुठे आहे म्हणून विचारलं. तिने टेबलावरच्या ढिगातून, माझ्यासाठी जेवण घालून आणलेला आपला डबा शोधून काढला. नवरा रोज फडक्यात भाकरी बांधून नेतो, म्हणून डबा न्यायला आले, म्हणाली. मी तिला थांबवलं. हात बरा होऊ दे, असा रिकामा नेऊ नकोस, म्हटलं.

ती खुर्चीत बसली.

"बाई, माजा मानूस पडला व्हता तवा तुमच्या बायका डबा आनायच्या. तुमीच सगल्यांना सांगायच्या, रिकामा डबा कुनी परत देत नाय. माज्या घरान भरायला काय व्हता? म्हनून नको सांगितला. मंग आमी काय खाल्ला, ते तुमी कदी इचारला नाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. घरात आजारी माणूस असताना ती उपाशी राहिली होती आणि त्याला मी ताठा म्हटलं होतं. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. डबा तिच्या हातातच होता. जाऊ दे, असाच ने, असं म्हणायला हवं होतं. तोंडून भलतंच निघालं.

"मला भूक लागलीय गं."

फोन केल्यापासून मी चहा-बिस्किटांवर होते. तिने तांदूळ कुठे आहेत ते विचारलं आणि गॅस पेटवला. भात-वरण झाल्यावर ती समोर बसून राहिली. मी डाव्या हाताने जेवले, टेबलभर शितं सांडत. तिने एकदाही दुसरीकडे पाहिलं नाही.

मग ती डबा घेऊन निघाली. मी दार लावलं, परत उघडलं, जिन्यापर्यंत गेले. ती खालच्या मजल्यावर पोचली होती. मी वरून हाक मारली आणि विचारलं, "उद्या येशील?"