जपून सरांचे डोळे

सरांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. शाळेत लहानथोर सगळे त्यांना ‘जपून सर’ म्हणत. जिना उतरणाऱ्याला ‘जपून’, दार लोटणाऱ्याला ‘जपून’, आणि एकदा तर मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत बसत होत्या तेव्हाही ‘जपून’. बाई दचकून उभ्याच राहिल्या. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस इतका घाबरट कसा, असं नव्या शिक्षकांना वाटे. मग ते सरांच्या नाकाकडे पाहत आणि गप्प बसत.

ते नाक डावीकडे झुकलेलं होतं, आणि त्याला कारण होता प्रयोगशाळेतला लोखंडी गोळा. मोठ्या मोसंब्याएवढा, पण हातात घेतला की मनगट खाली जाईल इतका जड. छताच्या तुळईला एक आकडा होता, त्याला दोर आणि दोराला हा गोळा. सरांनी भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं, गोळा नाकाला लावायचा आणि सोडून द्यायचा. गोळा झुलत समोर जातो, परत येतो आणि नाकाच्या अलीकडेच थांबतो. उंचीवरून मिळालेली ऊर्जा तेवढीच, त्यातली थोडी हवेनं खाल्लेली. मग तो जास्त पुढे येणार कुठून?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी सरांनी हा प्रयोग केला तेव्हा मागच्या बाकावर तेव्हाचे मुख्याध्यापक येऊन बसले होते. तरुण रक्त, त्यात साहेब बघतायत. सरांनी गोळा सोडला नाही, हौसेनं जरासा ढकलला. ती हौस गोळ्यानं पैन् पै परत केली. तेव्हापासून नाक डावीकडे आणि सर नियमांकडे झुकले.

पुढे त्यांनी सुरक्षेचे नियम असे काही शिकवले की मुलं न्यूटनचे तीन नियम विसरली तरी हे त्यांना पाठ असत. केस बांधा. लोंबणारी बाही वर घ्या. बाकावर खायचा डबा नको. फुटलेल्या काचेला हात लावू नका, मला हाक मारा. आणि वजन हातातून सुटलं तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. फरशी दुरुस्त होते, बोटं होत नाहीत. प्रत्येक नियमामागे एक किस्सा होता आणि दरवर्षी त्याला थोडं जास्त तिखटमीठ लागे.

पण सरांचं एक दुखणं होतं आणि ते नाकाचं नव्हतं. प्रयोग ते दरवर्षी करत, कधी काही झालं नाही. तरी गोळा पलीकडच्या टोकाहून परत वळला, की सरांचे डोळे आपोआप घट्ट मिटत. सगळ्या शाळेला हे ठाऊक होतं. मोठी भावंडं धाकट्यांना सांगून ठेवत, ‘थांब, जपून सर आता डोळे मिटतील.’ सर तेही हसण्यावारी नेत. पण यंदा जिन्यात त्यांच्या कानावर एक वाक्य पडलं. कुणीतरी मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, “सरांचाच त्या नियमावर विश्वास नाही, मग आपण कशाला ठेवायचा?”

हे मात्र सरांच्या जिव्हारी लागलं. नाक मोडलं तेव्हा इतकं दुखलं नव्हतं.

त्यातच सुट्टीत प्रयोगशाळेचं छत बदलणार असल्याचं कळलं. पांढऱ्या चौकोनांचं गुळगुळीत छत येणार, म्हणजे तुळई झाकली जाणार आणि आकडाही जाणार. परीक्षेआधीच्या उजळणीचा तास हाच गोळ्याचा शेवटचा झोका. डोळे उघडे ठेवायची शेवटची संधी.

“एवढंच ना?” बायको म्हणाली. ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती. “आमच्याकडे येणारा प्रत्येक जण तोंड उघडतो आणि डोळे मिटतो. सरावानं जमतं हो.”

तिनं लोकरीचा एक गुंडा दोरीला बांधून स्वयंपाकघराच्या चौकटीत टांगला. संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती गुंडा सोडायची आणि सर चौकटीला टेकून उभे.

“मिटले.”

“नाही मिटले.”

“अहो, मी समोर आहे! मिटले. परत.”

लोकरीच्या गुंड्यापुढे डोळे मिटणारा नवरा पाहून तिला हसू आवरेना. पण दोनचार आठवड्यांत डोळे उघडे राहू लागले. मग तिनं लोकरीच्या जागी बटाटा बांधला आणि गाडी परत मूळपदावर आली.

उजळणीचा दिवस उजाडला. प्रयोगशाळेतल्या काकांनी शिडी लावून आकडा पाहिला, दोर ताणून पाहिला, मग सरांनी शिडीवर चढून तेच दोन्ही पुन्हा पाहिलं. “जपून!” खालून काका म्हणाले, आणि वर्ग खो खो हसला. फरशीवर खडूची रेघ मारली. रेघेच्या पलीकडे सगळे, अलीकडे फक्त सर.

तास रंगला. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. टिचकी मारली की पुठ्ठा उडाला, नाणं पेल्यात. “हे कोण?” “जडत्व!” चाकाच्या खुर्चीवर बसून सरांनी भिंतीला पाय लावून रेटा दिला आणि स्वतःच मागे गेले. “हे?” “क्रिया-प्रतिक्रिया!” “आणि मी पडलो असतो तर?” “झेलायचं नाही, पाय मागे घ्यायचा!” सगळा वर्ग ओरडला. सर क्षणभर विचारात पडले, पण नियम तो नियम.

मग ते भिंतीशी गेले. संरक्षक चष्मा लावला. टाचा भिंतीला, डोकं भिंतीला. गोळा नाकाला टेकवला. तो गार लागला.

“सोडायचा,” सर म्हणाले, “ढकलायचा नाही.” आणि सोडला.

गोळा दूर गेला. रेघेपर्यंत पोचला, क्षणभर थबकला आणि वळला. आता डोळे मिटणार, हे सरांना पापण्यांत जाणवलं. त्यांना जिन्यातलं वाक्य आठवलं. बायकोचा बटाटा आठवला. त्यांनी दात आवळून डोळे ताणले. गोळा मोठा होत होत आला, नाकापुढे बोटभर अंतरावर थांबला आणि निमूट मागे फिरला.

त्यांनी पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

विजयी मुद्रेनं त्यांनी वर्गाकडे नजर टाकली आणि चाटच पडले. सगळ्या वर्गाचे डोळे मिटलेले होते. कुणी हातांनी तोंड झाकलं होतं, कुणी शेजारणीच्या खांद्यात डोकं खुपसलं होतं. दाराशी उभे असलेले काकासुद्धा भिंतीकडे तोंड करून होते.

गोळा थांबवून सरांनी विचारलं, “किती जणांनी पाहिलं?”

एकही हात वर नाही.

“मी डोळे उघडे ठेवले होते.”

“खरंच, सर?” पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. आवाज जिन्यातलाच, सरांनी ओळखला.

“खरंच. पण तू का मिटलेस? नियम तर तोंडपाठ आहे.”

“नियम माहीत आहे, सर,” ती खाली मान घालून म्हणाली. “पण समोर तुम्ही असता ना. तुम्हाला लागलं तर?”

इतकी वर्षं मिटल्या डोळ्यांनी सरांनी गृहीत धरलं होतं की वर्ग आपल्याला हसतो. हसतही असेल, जिन्यात. पण गोळा नाकाशी येताना दरवर्षी असाच अख्खा वर्ग आपल्यासाठी जीव मुठीत धरून बसत असणार, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? सगळ्यांचेच डोळे मिटलेले.

“परत करा ना, सर!” मागून आवाज आला. “आता आम्ही बघतो. शप्पथ.”

पुन्हा टाचा भिंतीला, डोकं भिंतीला. गोळा सुटला. या वेळी सगळा वर्ग डोळे फाडून बघत होता. सरही वर्गाकडेच बघत होते, एकेक चेहरा. गोळा वळला तेव्हा समोरचं सगळं धुरकट झालं, चष्म्याच्या आतून गालावर काहीतरी ओघळलं आणि सरांचे डोळे घट्ट मिटले.

“मिटले! सरांनी मिटले!” वर्गानं छत डोक्यावर घेतलं.

संध्याकाळी बायकोनं दारातच गाठलं. “काय, उघडे राहिले?”

“एकदा राहिले, एकदा मिटले.”

“मुलांनी कोणतं पाहिलं?”

“मिटलेलं,” सर म्हणाले. चौकटीतला बटाटा सोडवून त्यांनी तिच्या हातात दिला आणि पाय धुवायला गेले.