न विचारता दिलेली नावं

मी सदतीस माणसांची नावं, त्यांना न विचारता, अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याच्या कचेरीत नेऊन दिली. गजभिये काका गेल्याला सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी माझा हा पराक्रमच आठवतो...

काका मूळ नागपूरचे, अमेरिकेतल्या कॅरी गावात औषध कंपनीत नोकरी. दोन हजार सहा साल होतं. राष्ट्राध्यक्ष कोर्टाच्या वॉरंटशिवाय लोकांचे फोन चोरून ऐकायला लावतात, या बातम्यांनी ते बेचैन झाले होते. मी विद्यार्थी, तोंडाने शूर. म्हटलं, "महाभियोग लावून हाकला ना, काका!" "तो शेवटचा दरवाजा, बाबू. आधी समितीपुढे चौकशी. अधिकाऱ्यांना समन्स. नाहीच ऐकलं तर त्या कामाचा निधी अडवायचा, कायदा घट्ट करायचा. हातात एवढं असून काँग्रेस गप्प का, तेवढं विचारू." तेच विचारणारं दोन पानी पत्र त्यांनी लिहिलं आणि मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यावर सह्या घ्यायचं काम माझ्यावर सोपवलं.

पॉटलकला मी जेवलो. मग पुन्हा जेवलो. पत्र कचेरीत द्यायचा शुक्रवार उजाडला तेव्हा माझ्याकडे एकही सही नव्हती. होती ती फक्त कोण काय आणणार याची यादी : नाव, फोन नंबर, पदार्थ, सगळं ज्याच्या त्याच्या अक्षरात. जेवताना पत्राचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माना तर डोलावल्या होत्या! मी ती यादी पत्राला स्टेपल केली, देऊन आलो, आणि वर त्या यादीतल्याच सुनीताताईंना फोन करून फुशारकीही मारली.

पलीकडून "फोनवर बोलू नकोस," एवढंच. अर्ध्या तासात त्या नवऱ्यासह काकांच्या दारात. मीही तिथेच होतो. "काका, आमचं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यात आहे. याने आमचं नाव सरकारविरुद्धच्या कागदाला लावलंय. उद्या जा म्हणाले तर मुलांना घेऊन कुठे जाऊ?"

काका माझ्याकडे वळले. "राष्ट्राध्यक्षानं कुणाला विचारलं नाही म्हणून आपण पत्र लिहिलं. तू कुणाला विचारलं?"

"सगळे हो म्हणालेच असते, काका."

"तोही हेच म्हणून राहिलाय."

कचेरी सोमवारपर्यंत बंद. ते दोन दिवस सुनीताताईंच्या घरात कुणी नीट जेवलं नाही, आणि माझ्याशी कुणी बोललं नाही. सोमवारी कचेरी उघडण्याआधीच काका मला घेऊन पार्किंगमध्ये हजर. नुकतीच बायपास झालेला माणूस, थंडीत उभा. पत्रावर पोचल्याचा शिक्का पडलेला होता. तिथल्या मुलीने यादीवर बोट ठेवून विचारलं, "श्रीखंड ही संघटना आहे का?" मला हसू फुटलं, काकांना नाही. "ही माणसं या पत्रात सामील नाहीत. चूक आमची," असं त्यांनी लिहून दिलं, खाली स्वतःची सही केली. मुलगी आत गेली. दहा मिनिटं आली नाही... मग यादी घेऊन बाहेर आली. काकांनी ती थेट सुनीताताईंच्या हातात नेऊन दिली.

त्यानंतर तीन शनिवार ते दारोदार फिरले. प्रत्येकाला पत्र वाचून दाखवायचे, मग पेन पुढे करायचे. नऊ जणांनी सही केली. सुनीताताई म्हणाल्या, "नाही जमणार, काका." "मग नको करू. चहा तरी देशील?" असं म्हणून ते तिथे तासभर बसले.

सह्या कचेरीत दिल्यावर उत्तर म्हणून आभाराचा छापील कागद आला. काकांनी त्याच संध्याकाळी दुसरं पत्र लिहायला घेतलं. पुढे शेवटपर्यंत लिहीत राहिले.

हा लेख पुरवणीकडे पाठवून झाल्यावर मला सुचलं, काकूंना विचारायला हवं. फोन केला. "काकू, काकांवर लिहिलंय, छापू देऊ का?"

"पाठवलास का आधीच?"

"तुम्ही हो म्हणालाच असता, काकू."

"छापू दे. पण गाढवा, तुझ्यापायी त्यांचा तो सोमवार फुकटच गेला म्हणायचा."