बारीक आवाजाची जागा

मामा शेळ्या राखायचे ते शेळ्यांकडे पाठ करून. बाभळीला टेकून, तोंड भलतीकडे, हातानं सुतळी वळत बसलेले. तिकडे एखादी चुकार कुणाच्या कपाशीत शिरली की मान न वळवता बरोबर तिच्याच नावानं ओरडायचे. आम्हा भाचरांना वाटायचं, यांना पाठीला डोळे आहेत. डोळे कसले, त्या घंट्या होत्या.

हसनाबादच्या त्या घरात करडू जन्मलं की त्याच्या गळ्यात आधी घुंगरू पडायचं. बोकडाची घंटी जाड, घुमणारी. मग शेळ्यांच्या, आणि करडांची चिमुकली घुंगरं सगळ्यांत बारीक. एका आवाजाच्या दोन घंट्या कळपात चालायच्या नाहीत. बाजारात घंटीवाल्याकडेही मामा पाठ करूनच उभे राहायचे. "तू वाजीव, म्या सांगतो." मला शिकवायचे, "जाड फुडं, बारीक मागं. आवाज ज्याच्या त्याच्या जागी पाहिजे, माय."

पुढे मी पुण्याला मेंदूच्या प्रयोगशाळेत लागले. माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, कानात खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत स्वर सोडायचे आणि कुठल्या स्वराला मेंदूचा कुठला भाग जागा होतो, त्याचा नकाशा काढायचा, हे आमचं काम. तिथेही आवाज ओळीनं बसलेले असतात. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, अधले मधले आपापल्या शेजाऱ्याला लागून. सुट्टीत तो रंगीत नकाशा मामांना मोबाइलवर दाखवला.

"म्हंजी डोक्यातबी कळपच हाय की," मामा म्हणाले.

"यांच्या डोक्यात दुसरं हायच काय," मामी आतून म्हणाली. मामीचा आवाज इतका बारीक, की फोनवर लोक तिला घरातली पोरगी समजायचे.

साठी उलटली आणि मामांच्या घंट्या बिघडायला लागल्या. करडांची घुंगरं मुकी निघाली म्हणून घंटीवाल्याशी भर बाजारात भांडले. "पितळात भेसळ करून राह्यला तू." त्या बिचाऱ्यानं बदलून दिली, तर तीही मुकी. शेवटी त्यांनी करडांच्या गळ्यात शेळ्यांच्या घंट्या बांधल्या. एवढ्याशा जिवांच्या माना ओझ्यानं खाली जायच्या. गाव हसलं, पण घुंगरं चांगली वाजतायत हे कुणी तोंडावर बोललं नाही. मामीचं बोलणंही त्यांना ऐकू येईना. त्यावर तर आम्ही घरचे आणखीच हसलो. बायकोचं बोलणं कुठल्या नवऱ्याला ऐकू येतं?

त्या पावसाळ्यात परसातल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगातून सरपण ओढताना मामीला साप चावला. मामा पुढच्या ओट्यावर बसले होते. मामी हाका मारत राहिली. शेवटी हाका पलीकडच्या घरातल्या सुनेला ऐकू गेल्या. ती धावत आली, जीप मिळाली, पण दवाखाना यायच्या आत मामी गेली.

"मला म्हैस ऐकू आली, माय. मोटर ऐकू आली. तिचीच हाक काहून न्हाई?" मामा ज्याला त्याला हेच विचारायचे. जेवण सुटलं होतं.

मी त्यांना जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत निघालं, की जाड आवाज शाबूत आहेत. बारीक आवाज कधीचेच गेलेत. मी परोपरीनं सांगितलं, मामा, तुमचा दोष नाही, तिची हाक तुमच्या डोक्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हा ते हळूच म्हणाले, आता मात्र कानात सारखं काहीतरी बारीक वाजतं, लांबून कुणी बोलावल्यासारखं.

ते मला माहीत होतं. कानाकडून काही येईनासं झालं, की मेंदूतली ती बारीक आवाजाची जागा गप्प बसत नाही, आपणच आवाज काढते. कानाला मशीन लावलं की तो बहुतेक वेळा दबतो, असं मी समजावून सांगितलं.

डॉक्टरांनी मशीन लावलं. मामा ऐकत राहिले. पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, माझ्या बांगड्या. मग त्यांचा चेहरा पडला.

"बंद झालं," ते म्हणाले. मशीन काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "ती हाका मारीत व्हती तवा मला ऐकू आल्या न्हाईत. आता येऊन राह्यल्या, तर बंद करू?"

सांगण्यासारखं शास्त्र माझ्याकडे पुष्कळ होतं. मला नुसतं रडू आलं.

त्यानंतर मामा जगले तोवर मशीनशिवायच जगले. ओट्यावर बसल्या बसल्या मधेच "आलो, आलो" म्हणायचे, आणि उठून परसात जाऊन उभे राहायचे.