क्रीम रंगाची गादी आणि गुलालाची पोती

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिवाजी पेठेतल्या एका निवडणुकीत लोकशाही धोक्यात होती की नाही हे मला ठाऊक नाही. माझी मोटार मात्र नक्की धोक्यात होती.

मोटार वडिलांची. विलायती, उघडत्या टपाची, वयाने माझ्याहून मोठी आणि दिसायला कितीतरी बरी. तिच्या सीटवरचं क्रीम रंगाचं कातडं आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी सात महिने खपून, हाताने टाके घालून बसवलं होतं. मला आत बसू देण्याआधी ते माझ्या पँटची मागची बाजू तपासत.

या गाडीवर आमच्या उमेदवाराची नजर पडली. गृहस्थ तीन वर्षांत तीन पक्ष फिरून आले होते आणि तिन्ही वेळा 'तत्त्वासाठी'. शिवाय कवी. त्यांच्या संग्रहाला प्रस्तावना मीच लिहिली होती. तीत 'कागद उत्तम आहे' एवढंच वाक्य खरं होतं. शिवाय गात. सभेत पाण्याच्या टाकीचं आश्वासन देता देता मध्येच नाट्यपद सुरू करत. तान संपेपर्यंत लोक टाकी विसरत, तेही विसरत.

"सर, विजयाची मिरवणूक तुमच्याच गाडीतनं," ते घरी येऊन म्हणाले.

मी नाहीच म्हणणार होतो. आमच्याकडे निवडून आलेल्यावर गुलाल चिमटीने टाकत नाहीत, पोत्याने ओततात. कातड्याच्या टाक्यांत तो एकदा शिरला की गाडी मोडीत निघेपर्यंत निघत नाही.

"आणि चालवायची तुम्हीच. फेटा बांधून!"

इथे मी घसरलो. हौशी रंगभूमीवर माझा जन्म द्वारपाल उभा करण्यात गेला होता. फेटा बांधून गावातून मिरवायला कुणी बोलावलं नव्हतं. हो म्हणून बसलो.

मिस्त्रींनी ऐकून हातातला पाना खाली ठेवला. "गुलाल? ह्या गादीवर?"

"चादर टाकू की."

"चादरीला इचारून थांबतोय व्हय गुलाल? तुमच्या डोस्क्यावर ओता की सगळा. गादीनं काय केलंय?"

मतमोजणीच्या दिवशी कार्यकर्त्यांनी सकाळीच केंद्राबाहेर टप उघडून गाडीला हार घातले. निकाल लागायच्या आधीच गुलालाचं एक पोतं मागच्या सीटवर आणून टेकवलं. मिस्त्री दाराला पाठ लावून, फडकं घेऊन उभे. पोत्याची शिवण उसवायला आलेल्या दोघांना त्यांनी नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं. मी फेटा सावरत स्टिअरिंगवर. उमेदवाराला मी मत दिलं होतं आणि आता तो पडावा म्हणून नृसिंहवाडीच्या दत्ताला नारळ बोलत होतो.

कर्ण्यावरून निकाल आला. आमचे पडले.

हलगीवाल्याचा हात वरच्या वर राहिला. उमेदवार केंद्रातून बाहेर आले, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. आता तान येणार या भीतीने चार-दोन जण मागे सरकले. मी लगेच रुमाल काढून डोळ्यांना लावला. द्वारपालाच्या वाट्याला शोक क्वचितच येतो, आला तर सोडू नये.

तेवढ्यात मिस्त्रींनी पोतं उचलून रस्त्यावर उतरवलं, गादीवर एकदा फडकं मारलं आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पडला न्हवं? लई ब्येस झालं! गादी वाचली की!"