आईने उचललेला भंडारा

आमच्या घरात मतं पाच: आई, मी, बायको, मुलगा आणि सून. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आठवड्यात मला जेवण जात नाही. वॉर्ड लहान, मोजणी वॉर्डनिहाय. निकाल लागला की पारावर बसून कोणीही हिशेब मांडतो आणि कोणत्या घराने दगा दिला ते ठरवून टाकतो.

या वेळचा उमेदवार आमचा शेजारी. विहीर दोघांची सामाईक, पण मोटर आणि तिची पेटी त्याच्या बांधावर. आमची लिंबाची बाग त्याच पाण्यावर. त्याने पेटीला कुलूप ठोकलं तर कोर्टात मी जिंकेन, पण तोवर बाग जळून गेलेली असेल.

ही भीती आमच्या घरात जुनी आहे. माझे पणजोबा कर्जतकडे दुसऱ्याची जमीन खंडाने करायचे. इंग्रजांच्या काळात खेड्यात मत असे ते ठरावीक शेतसारा भरणाऱ्याला. सारा मालकाच्या नावावर, म्हणून मत मालकाला, राबणाऱ्याला नाही. सगळ्यांना मत द्या, अशी मागणी करणाऱ्या सभा तेव्हा होऊ लागल्या होत्या. पणजोबा एका सभेला गेले आणि तिथल्या अर्जावर अंगठा उठवून आले. पुढच्या पेरणीआधी मालकाने जमीन काढून घेतली. आईने हे तिच्या सासूकडून ऐकलं, मी आईकडून. माझ्या लक्षात जमीन गेली एवढंच राहिलं. आईच्या लक्षात अंगठा राहिला.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी शेजारी चार माणसं घेऊन आला. एकाच्या हातात ताट, ताटात बेलाची पानं आणि खंडोबाचा भंडारा. आमच्याकडे ही रीतच आहे: भंडारा उचलून मताची शपथ घ्यायची. ती मोडायला भलेभले घाबरतात. मी उचलला. थोडी हळद शर्टावर सांडली. बायकोने, मुलाने, सुनेनेही उचलला. ताट आईपुढे आलं.

"काकू, उचला. तुमचं मत तर आमचंच हाय," शेजारी हसत म्हणाला.

"तुझंच हाय, तर ताट कशाला आनलंस रं?"

ताट धरलेला म्हणाला, "म्हातारीला राजकारण लई कळतं!"

"तुला कळत न्हाई, म्हनून तर दुसऱ्याचं ताट धरून फिरतोस."

कोणी हसलं नाही. "आई, उचल की," मी म्हणालो.

आईने चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला आणि मोठ्याने म्हणाली, "मनाला पटंल त्यालाच मत दीन. आन कुनाला दिलं ते मरोस्तवर कुनाला सांगनार न्हाई. खंडोबाची आन!"

शेजाऱ्याचं हसू गेलं. पण शपथ त्याच्याच ताटावर झाली होती. आता दुसरी कशी मागणार? ते निघून गेले.

निकाल लागला. शेजारी एका मताने पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच आला. आई ओट्यावर सुपात डाळ निवडत होती. मी दारात उभा होतो.

"काकू, खरं सांगा. एकाच मताचा सवाल हुता."

"सांगितलं असतं, बाबा. पन तुझ्याच ताटातला भंडारा उचललाय. मोडू व्हय शपथ? तू म्हन, मोडते."

त्याच ताटावर सगळ्या आळीने शपथा घेतल्या होत्या. मोडा, असं तो कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला.

दुपारी पाण्याची पाळी आमची होती. बांधावरून जाताना आधी पेटीकडे पाहिलं. पेटीला कुलूप नव्हतं. बटण दाबलं, पाइप गुरगुरला, पाणी आलं. शेवटच्या झाडापर्यंत ते पोहोचेतो मी तिथून हललो नाही.

घरी आल्यावर आईला हळूच विचारलं, "मला तरी सांग, कुणाला दिलंस?"

"तुलाबी न्हाई," ती म्हणाली आणि डाळीचं सूप आत घेऊन गेली.

पुढची पाळी शुक्रवारी आहे.