काचवाले मामा

मामा नवा पोळपाटसुद्धा काचेवर ठेवून बघायचे. वहीएवढा, जाड काचेचा एक तुकडा, कडा घासून बोथट केलेला, जिन्याखालच्या त्यांच्या टेबलावर कायम असे. वस्तू त्यावर ठेवायची आणि चारही कोपऱ्यांवर नखाने टिचकी मारायची. टक असा आवाज आला तर वस्तू डुलते, नाही आला तर सपाट. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले त्या दिवशी माझ्या सामानातला पोळपाट त्यांनी उचलून काचेवर ठेवला, टिचकी मारली आणि म्हणाले, "एका बाजूला अर्धा सूत उतार हाय. पोळी एकीकडं जाड होत असंल." पोळी खरंच एकीकडे जाड होत होती. दोन वर्षं मी तो दोष माझ्या हाताला देत आले होते.

गल्लीत सगळे त्यांना काचवाले मामा म्हणत. नव्या माणसाला वाटे, यांचं काचेचं दुकान असणार. मामा मूळचे घोटीकडचे. भाताची शेती भावावर सोडून तरुणपणी नाशिकला आले आणि सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर म्हणून लागले, ते तिथूनच निवृत्त झाले.

मी देवळ्याची, कांदा पिकवणाऱ्या घरातली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि मेकॅनिकलची पदवी घेऊनच उतरले. याचा मला अभिमान आहे. तेव्हा तर मी तो कपाळावर लावूनच फिरत असे. अंबडच्या एका कंपनीत मी डिझाइनला होते. पहिल्याच आठवड्यात मामांना मी माझे मार्क सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लय चांगलं केलंस. आता कानस धरायला शिक."

माझी खोली मधल्या मजल्यावर. वर गच्चीवर एक खोली होती आणि संध्याकाळी तिथून घुर्रघुर्र आवाज येई. महिनाभर मला वाटलं, मिक्सर. एकदा मामींनीच हाताला धरून वर नेलं. खोलीभर लाकडी फळ्यांचा वळणावळणाचा रस्ता मांडलेला, त्यात दोन खाचा कोरलेल्या, खाचांच्या कडेने तांब्याच्या पट्ट्या. पट्ट्यांत वीज, आणि खाचेत जीभ घालून पळणाऱ्या वीतभर लांबीच्या गाड्या. जुन्या काळच्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या, चाकं बाहेर काढलेल्या, लांब नाकाच्या. कारखान्याच्या जुन्या साहेबाने क्लबात हा ट्रॅक मांडला होता. क्लब बंद पडला तेव्हा फळ्या जळणात जायच्या होत्या, त्या मामांनी हातगाडीवर घालून घरी आणल्या. साहेबाच्या गाड्या मोडून गेल्या होत्या. एका पिवळ्या पडलेल्या इंग्रजी मासिकातलं चित्र बघून मामांनी त्यांच्या चासी, म्हणजे खालचे सांगाडे, पितळेत नव्याने केल्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, चित्र वाचता येत होतं.

गाड्या मामा बनवत, पण पळवत मामी. पदर खोचायचा, हातात वीज कमी-जास्त करायचा घोडा धरायचा आणि ओठ घट्ट मिटायचे. मामींची गाडी मी कधी हरलेली पाहिली नाही. "यांना जोर आवरत नाही," त्या मला सांगत, "बनवायला धीर आहे, पळवायला नाही." मामा बाजूला उभे राहून हसत. दाराजवळच्या अवघड वळणाला मामींनी कसारा नाव ठेवलं होतं. तिथे घोडा सैल केला नाही तर गाडी खाच सोडून थेट चपलांमध्ये पडे. मामींचं एकच मागणं होतं: कसाऱ्याला घोडा सैल न करता जाईल अशी गाडी द्या. "तिला खाली वजन हवं," त्या म्हणत, "आमच्या आत्याबाईंसारखं. बसल्या की हलायच्या नाहीत."

त्या गाडीची चासी मामांनी माझ्यासमोर सुरू केली. भांडी बाजारातून मोडीतली जाड पितळी पट्टी आणली, कानशीने घासून घासून रुंदीला आणली. मागे मोटर बसायला चौकट, दोन्ही अंगांना पोलादी तारा, मध्ये वजनाची पाटी आणि पुढे जीभ धरणारा हात. फळीवर खिळे ठोकून त्यांच्यामध्ये सगळे तुकडे बसवायचे आणि मग डाख द्यायचा, म्हणजे कथील वितळवून सांधे जोडायचे. गार झालं की काचेवर टिचकी. टक वाजलं की डाख सोडवून पुन्हा पहिल्यापासून. मी कंपनीतून एकदा तीच चासी कॉम्प्युटरवर काढून, छापून आणली. मामांनी कागद काचेवर पसरला, हाताने सारखा केला आणि म्हणाले, "कागदावर सगळं सपाटच असतं, पोरी." पण तो कागद त्यांनी टेबलासमोर भिंतीला लावला.

त्यांचा एक नियम होता, टूलरूमचा. डाख धरावा म्हणून पितळेला अ‍ॅसिड लावतात. ते तसंच राहिलं तर आतून खातं. आज दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी सांध्यावर हिरवं येतं. म्हणून ज्याचा डाख त्यानेच धुवायचा, आणि लगेच. आधी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात, मग चिंचेच्या कोळाने जुन्या टूथब्रशने घासून, मग साबणाने. दुसऱ्याला धुवायला द्यायचं नाही, कारण अ‍ॅसिड कुठे कुठे ओघळलं ते डाख देणाऱ्यालाच ठाऊक. मामी देवाची भांडी चिंचेनेच घासत. त्यामुळे मोरीच्या कट्ट्यावर निरांजन, तांब्या, पळी आणि त्यांच्या शेजारी गाडीची चासी अशी रांग वाळत असे. दसऱ्याला चासीची पूजा व्हायची, पण तिला फक्त झेंडूचं फूल. हळदकुंकू चाकाच्या भोकात जातं म्हणून मामा वाहू देत नसत. मामी म्हणत, देवाला चालतं आणि यांच्या गाडीला चालत नाही.

ती चासी अर्धी झाली असताना मामी गेल्या. सकाळी चहा टाकला आणि ओट्याशीच बसल्या, एवढंच. मामांनी खिळ्यांच्या फळीवर तशीच अर्धी चासी ठेवून वर मामींचा रुमाल टाकला. गच्चीवरच्या खोलीला कुलूप लागलं. संध्याकाळी डोक्यावर घुर्रघुर्र होईनासं झालं तेव्हा मला कळलं की मी त्या आवाजावर स्वयंपाकाला लागत होते.

वर्षभराने मामांनी रुमाल काढला. पण हात पूर्वीचे राहिले नव्हते. कप उचलला की बशीत चहा सांडे. कानस धरली की ती पट्टीवर टकटक वाजे. तरी ते रोज बसत. दिवसाला एक सांधा, कधी तोही नाही. मी मदत करते म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करत. शेवटी जीभ धरणाऱ्या हाताचा एक सांधा उरला. सगळ्यांत नाजूक, कारण तो वाकडा झाला तर गाडी खाचेत सरळ बसणारच नाही. तीनदा त्यांनी डाख दिला आणि तीनदा टक वाजलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला खाली हाक मारली आणि सोल्डरिंग आयर्न माझ्यापुढे केलं.

"तू दे. मी दाबून धरतो. दाबायला हात हलला तरी चालतो."

मी दिला. अडीच वर्षं त्यांच्याकडे बघत होते, चुकले नाही. गार झाल्यावर मामांनी चासी काचेवर ठेवली, चार टिचक्या मारल्या. काही वाजलं नाही. मामा नुसते मान हलवत राहिले.

त्याच वेळी माझा फोन वाजला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत मी मुलाखत दिली होती, त्यांचा. मी चासी घेऊन मोरीकडे गेले, फोन खांद्यावर. नोकरी मिळाली होती. पलीकडचा माणूस बोलत होता, मी हो हो म्हणत होते, पुढच्याच महिन्यात रुजू व्हायचं होतं. मी सांध्यावरून ओलं फडकं फिरवलं, एवढंच. सोडा नाही, चिंच नाही. आईला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

मी बाहेर आले. मामांनी विचारलं, "धुतलं?"

मी "हो" म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. चिंचेने धुतलं की बोटं तपकिरी होतात, नखांत कोळ राहतो. माझी बोटं स्वच्छ होती. हे मला आत्ता, लिहिताना कळतंय असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला तेव्हाच कळलं होतं. मामांनी चासी घेतली आणि वर चला म्हणाले.

वर्षभराची धूळ पुसून, माझ्याकडून चासीवर मोटर आणि चाकं चढवून घेऊन त्यांनी गाडी खाचेत ठेवली. घोडा मात्र माझ्या हातात दिला. "तिनं धरायचा तसा धर. सैल करू नको." मी दाबला तो सोडलाच नाही. गाडी समोरच्या भिंतीकडून वळून कसाऱ्यावर आली, मागचं अंग किंचित बाहेर फेकलं, आणि खाच न सोडता निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मामा दाराशी, चपलांच्या जागी उभे होते. गाडी उडाली तर झेलावी म्हणून दोन्ही हात पुढे धरून. गाडी आली नाही आणि हात तसेच थरथरत राहिले. "बसली," ते म्हणाले. "आता उठायची नाय."

त्या आठवड्यात आईला फोनवर गाडीचं सांगितलं. "पितळनी गाडी शे का ती?" तिने आमच्या गावच्या बोलीत विचारलं, पितळेची आहे का म्हणून, आणि मग म्हणाली, म्हाताऱ्याला एकटं टाकून जातेस का गं? मी म्हटलं, दर महिन्याला येईन.

मी गेले. पुण्याहून नाशिक काही लांब नाही, हे मी मामांना फोनवर इतक्यांदा सांगितलं की शेवटी मामाच मला ते म्हणायला लागले. कधी येतेस, असं विचारत. मी पुढच्या महिन्यात म्हणे. "ये. एक काम राहिलंय तुझं," ते म्हणत. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाला बोलवायला काहीतरी निमित्त लागतं. असे नऊ महिने गेले. दहाव्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, सिन्नरला दिलेल्या सुमनताईंचा फोन आला, आणि मी पहिल्या गाडीने निघाले. पोहोचले तेव्हा अंगण धुतलेलं होतं.

तेराव्यानंतर ताईंनी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "ही तुझी म्हणून ठेवलीय. मी दसऱ्याला भांड्यांबरोबर घासायला घेतली होती, बाबांनी हातातून काढून घेतली. म्हणाले, ज्याचा डाख त्यानं धुवायचा. ती येणार हाय."

डब्यात चासी होती. मामांचे सगळे सांधे पिवळेधमक. पुढचा एक तेवढा हिरवा, दाट हिरवा, आणि हिरवं आता शेजारच्या पितळेवर चढायला लागलेलं. शेजारी जुना टूथब्रश आणि कागदात बांधलेली चिंच. चिंच वाळून काळी पडली होती.

मी मोरीशी बसले. ताईंनी पाणी कोमट करून दिलं, सोडा दिला. चिंच भिजायला बराच वेळ लागला. हिरवं निघालं, पण खाली पितळेला बारीक खड्डे पडले होते, ते निघाले नाहीत, निघणारही नाहीत. साबणाने धुऊन, पुसून मी चासी जिन्याखाली नेली. भिंतीवर माझा कागद अजून होता. काचेवर ठेवून चारही कोपऱ्यांवर टिचकी मारली. काही वाजलं नाही.

माझी बोटं तपकिरी झाली होती. धुतलं का, असं विचारायला तिथे कोणी नव्हतं. तरी मी हो म्हटलं.