भासऱ्याचा निंब

मला घाम येत नाही. जन्मापासूनच नाही. उन्हात बाकीच्यांच्या अंगातून धारा लागतात, माझं अंग मात्र कोरडंच्या कोरडं तापत जातं, चुलीवर विसरलेल्या तव्यासारखं. मग कानशिलं ठणकतात, मळमळतं, डोळ्यांपुढे पिवळं होतं आणि मी पडते. अमरावतीकडे माझ्या माहेरी चैत्र लागला की आई मला विहिरीजवळचंच काम द्यायची आणि लुगडं भिजवून अंगावर घ्यायला लावायची. अकोल्याकडे, तेल्हाऱ्याजवळच्या सासरी मी हे सांगितलं, तर सगळे हसले.

सर्वांत जास्त हसला तो माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. घरचा कारभार त्याच्या हाती होता. आज तो नाही, म्हणून त्याला एकेरीत लिहिते. असता तरी लिहिलं असतं. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, त्यानंही तिच्याशी बोलायचं नाही, अशी रीत. त्यामुळे त्याचे टोमणे मला नवऱ्यामार्फत पोचायचे.

"तिले सांग, पदरात कांदा बांध म्हना. सूर्य काई तिच्या एकटीसाठी उगवत नाई."

कांदा मी बांधतच होते. कांदा जवळ ठेवला की ऊन लागत नाही असं सगळं वऱ्हाड म्हणतं. माझ्या पदरात तो शिजायचाच काय तो बाकी राहायचा.

ती कापसाच्या तेजीची वर्षं. साता समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती आणि इथे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. माणसं पिसाळली. ज्वारीच्या शेतात कापूस, गुरांच्या कुरणात कापूस. झाडाच्या सावलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, वाढत नाही म्हणून भासऱ्यानं बांधावरचे पाच निंब पाडले. सहावा ठेवला, तो दुपारी स्वतःला बसायला.

आता रीत अशी, की सून आणि भासरा एका सावलीत बसत नाहीत. तो निंबाखाली बसला, की मी उन्हात. वैशाखात माझं काम धसकटं वेचण्याचं, म्हणजे जमिनीत राहिलेली पऱ्हाट्यांची वाळकी बुडखं गोळा करायची. काळी जमीन खालून भाजायची, ऊन वरून. दोन उन्हाळ्यांत मी तीनदा पडले. तिन्ही वेळा भासरा म्हणाला, ढोंग आहे. तिसऱ्या वेळी गावातल्या सुईणीनं माझ्या तळपायांना कांद्याचा रस चोळला आणि माझ्यासमोरच सासूला सांगितलं, "आता पडली तं उठनार नाई हे."

सासू म्हणाली, "मंग धसकटं कोन वेचन?"

चार दिवसांनी मी परत शेतात होते.

त्या दुपारी नवरा बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. भासरा निंबाखाली पटका उशाला घेऊन पडला होता. पाण्याचं मडकंही त्याच सावलीत. माझी कानशिलं ठणकायला लागली आणि मला सुईणीचं बोलणं आठवलं. भीती वाटायला हवी होती. मला राग आला. मी टोपली फेकली, सरळ चालत निंबाखाली गेले, मडकं उचलून अर्धं डोक्यावर ओतलं आणि तिथेच फतकल मारली. डोक्यावर पदरही घेतला नाही.

भासरा अंगावर साप पडल्यासारखा उठला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं; माझ्याशी बोलायची चोरी ना! धाकट्या भावाच्या बायकोबरोबर एका सावलीत बसला हे गावात कळलं असतं, तर अब्रू त्याची गेली असती. गाव लांब, आणि दुसरं झाड त्यानंच ठेवलं नव्हतं; तो निमूट उन्हात जाऊन उभा राहिला. पटका माझ्याजवळच राहिला, मडकंही.

नवऱ्याला यायला बराच वेळ लागला. मी बघत बसले. आधी भासऱ्यानं कपाळावर हात धरला. मग तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहू लागला. मग डोळे बारीक केले. पुढे काय होतं ते मला पाठ होतं. मला त्याची कीव आली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण नाही आली. तो ओकत खाली बसला, तेव्हा मला बरं वाटलं.

नवरा धावत आला. भावाला सोडून आधी माझ्यावरच ओरडला, "काहून बसली व इथं? ऊठ!"

"नाई उठत. तुमच्या भावाले इचारा, ढोंग करून राहिले काय ते."

भासरा तीन दिवस अंथरुणात होता. चौथ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन शेतात गेला आणि तो सहावा निंबही पाडला. माझ्याशी वाटून घ्यावी लागेल अशी सावली त्याला नकोच होती. त्या झाडासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पण आता त्यालाही दुपारी बसायला जागा उरली नाही. दोन दिवस तो उन्हात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी सासूनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "थोरल्याले ऊन सोसत नाई. सूर्य माथ्यावर आला का साऱ्याइनं घरी या."

मी जगले ती अशी. मला ऊन सोसत नाही, हे त्याच सासूला मी दोन वर्षं सांगत होते.